किंग हेन्रीज रोडवरचं भाड्याचं घर : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय जय भीम.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर राज्य सरकारनं २०१५मध्ये सुमारे ३१ लाख पौंडांना घेतलं, त्याबद्दल आधी आभार. लेकीकडे गेलो होतो तेव्हा पाहून आलो. दर्शनी भिंतीवरच्या निळ्या पाटीवर बाबासाहेबांच्या वास्तव्याची सालं आहेत, १९२१-२२. घर आता सरकारचं असलं, तरी बाबासाहेब तिथे भाडेकरू होते. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

प्रिमरोझ हिलची ही वस्ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात ईटन कॉलेज या जुन्या शाळेच्या जमिनीवर उठली. कॉलेज स्थापन करणाऱ्या सहाव्या हेन्री राजाचं नाव रस्त्याला. भिंतीला भिंत लावून उभी घरांची रांग पाहिली आणि मला आमची चाळच आठवली. फरक एवढाच, की चाळीत एका मजल्यावर दहा बिऱ्हाडं, आणि तिकडे एकच बिऱ्हाड चार मजले उभं. अशा घरांत स्वयंपाक तळाशी, वर दिवाणखाना, त्यावर निजायच्या खोल्या आणि छपराला लागून मोलकरणी. कोळशाची बादली घेऊन जिने चढायचे ते त्यांनीच. छपरावरची मातीची नळकांडी मोजली, की आत किती शेगड्या पेटत असतील याचा अंदाज येतो. खिडकीची काच वर सरकवली, की चौकटीत दोरीला टांगलेलं लोखंडी वजन आतल्या आत खाली उतरतं.

पहिल्या महायुद्धानंतर नोकरमाणसं मिळेनात. एवढी घरं चालवणं जड झालं, तशा त्यांतल्या खोल्या सुट्या भाड्यानं जाऊ लागल्या. तिकीट आणि पुस्तकांचे पैसे जमवताना मेटाकुटीला आलेला आपला विद्यार्थी या दिमाखदार वस्तीत पोचला तो असा. रमाबाई तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत दिवस काढत होत्या. लंडनच्या त्या दिवसांत रात्री भूक लागली, की चार पापड आणि कपभर बोव्हरिल (मांसाच्या अर्काचं गरम पेय), हे बाबासाहेबांच्या चरित्रांत वाचलेलं. त्या घराच्या जिन्यात उभं राहिल्यावर आधी तेच आठवलं, बाबासाहेबांचा रुपयावरचा प्रबंध नंतर.

त्या घराचं स्मारक करायला विरोध झाला तेव्हा कॅम्डेन काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, मुद्दा होता, हे राहतं घर आहे, संग्रहालय नको. शेवटी मार्च २०२०मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनीच परवानगी दिली. बरं झालं. पण राग बाजूला ठेवून सांगतो, काउन्सिलच्या म्हणण्यातलं 'राहतं घर' आपण सोडू नये. तसबिरी आणि पुतळे मुंबईतही पाहता येतात. भाड्याची खोली, ती तेवढी तिथेच आहे.

म्हणून एक मागणी. इंग्लंडची १९२१ची जनगणना १९ जूनच्या रात्रीची. ती व्हायची होती एप्रिलमध्ये, पण कोळसा खाणकामगारांच्या लढ्यात रेल्वेवालेही उतरतील या धास्तीनं पुढे गेली. शंभर वर्षांची मुदत संपून जानेवारी २०२२पासून तेव्हाचे घरोघरचे तक्ते लोकांना खुले झालेत. नाव, वय, जन्मगाव, धंदा, कामाचं ठिकाण आणि कुटुंबप्रमुखाशी नातं, असे त्यात रकाने असतात. नात्याच्या रकान्यात कुणी बायको, कुणी मुलगा, कुणी मोलकरीण, कुणी भाडेकरू. १० नंबरचा तो कागद काढून घ्या. त्या रात्री त्या छपराखाली कोण कोण निजलं होतं, त्यांची नावं मराठीत आणि इंग्रजीत, दाराशी हाताच्या उंचीवर लावा. बाबासाहेबांच्या आधीची आणि नंतरची माणसं मतदार याद्यांतून आणि रस्तावार डिरेक्टऱ्यांतून निघतील. लंडनमध्ये शिकणारी आपली मुलंमुली हे काम आनंदानं करतील, त्यांना फक्त सरकारी पत्र लागेल.

आणि जमलं तर एक खोली रिकामीच ठेवा. आत फक्त टेबल, खुर्ची, दिवा, शेगडी. दोरी घालून अडवू नका.

आपला,
परळच्या चाळीतला एक भाडेकरू