काका, आभार चारचौघांतच मानतो

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका. पण आभार मात्र सगळ्यांसमोर मानणार.

एसीचं काम तुमच्याकडे शिकलो आणि आता विद्युत ठेकेदाराचा परवाना हातात आला. त्यावर नाव माझं असलं तरी निम्मी खटपट तुमची आहे. एसी बसवण्याचं असं वेगळं लायसन्स आपल्याकडे नाही, त्यामुळे वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत कितीतरी जण आयटीआय झालं की थेट कामं घ्यायला लागतात. तुम्हीच सांगितलंत, की एसीचा पॉइंट, एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग, पॅनेल ही विजेची कामं आहेत, ती परवानाधारकानेच करायची. दुसऱ्याच्या लायसन्सवर धंदा करायचा नाही, हे तर तुम्ही पहिल्याच दिवशी ठणकावलंत. मग परवान्याच्या अर्जात सुपरवायझर कोण दाखवायचा, वायरींचं इन्सुलेशन तपासणारा मेगर आणि अर्थिंग तपासणारा अर्थ टेस्टर कुठले घ्यायचे, सगळं सोबत बसून ठरवलंत. जीएसटी, उद्यम नोंदणीचं त्या मानाने पटकन उरकलं.

पण खरं ऋण त्याआधीचं. घणसोलीतल्या त्या गाळ्यात पाइप जोडून झाले होते आणि मालक घाई करत होता. अशा वेळी थोडा गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर काढतात आणि मोकळे होतात. तुम्ही पाइपातली हवा आणि ओल खेचून घेणारा व्हॅक्यूम पंप लावलात. आत उरलेला दाब दाखवणारं मीटर 500 मायक्रॉनच्या खाली येईपर्यंत थांबलात, व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवलात आणि आकडा परत चढतो का, म्हणजे कुठे गळती किंवा ओल उरली आहे का, ते बघत स्टुलावर बसून राहिलात. मालक कुरकुरला, तेव्हा त्याला शांतपणे सांगितलंत, "आत ओल राहिली तर तेलात आम्ल धरतं आणि ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं. एसी आज गार करेल, पण कॉम्प्रेसर लवकर जाईल." त्यानंतर तो काही बोलला नाही. आर-32 हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून लाइन पूर्ण रिकामी केल्याशिवाय पाइप जोडायचा गॅस टॉर्च पेटवायचा नाही, हेही तिथेच शिकलो. माझ्या हाताखालच्या पोरांना मी आज हेच शिकवतो, तुमच्याच शब्दांत.

टनेजचंही, म्हणजे एसीच्या क्षमतेचंही, तसंच. खोली किती फुटांची एवढं विचारून दीड टन लिहून टाकणारे खूप. तुम्ही पश्चिमेची काच मोजायचात. वर गच्ची आहे की कुणाचं घर, माणसं किती बसणार, कॉम्प्युटर किती, सगळं वहीत उतरवायचात आणि मग ताशी 12,000 बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप) म्हणजे एक टन या हिशेबाने आकडा काढायचात. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली झटकन गार करून बंद होतं, पण दमटपणा तसाच राहतो. आपल्या खाडीकाठच्या हवेत अंगाची चिकचिक जात नाही आणि गिऱ्हाईक दोष कंपनीला देतं. मोठं मशीन विकण्यात चार पैसे जास्त सुटतात, तरी तुम्ही ते कधी विकलं नाहीत. माझ्या लेखी परवान्याहून ही गोष्ट मोठी आहे.

काकूंचेही आभार. तुमच्याकडे शिकत असताना कितीदा तरी रात्री उशिरा त्यांनी पान वाढलं, तेही न विचारता.

ऐरोलीतल्या एका दवाखान्याचं डक्टिंगचं, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचं, काम मिळालंय, परवान्यानंतरचं पहिलं मोठं काम. रविवारी सकाळी ड्रॉइंग घेऊन येतो. ताज्या हवेचा हिशेब तेवढा एकदा तपासून द्या.

तुमचा,
ठाण्याचा शिष्य