यॉर्कीला खेळणं समजू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात कुत्र्यांचं नाव येतं ते एकतर कुणाला चावलं म्हणून नाहीतर महापालिकेची गाडी आली म्हणून. पण हल्ली जुळे सोलापूर, विजापूर रोड साईडला घराघरात ते रेशमी केसांचं मूठभर कुत्रं दिसायला लागलंय ना, यॉर्कशायर टेरियर, लोक नुसतं यॉर्की म्हणतात, त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. आमच्याकडे एक आहे, टिल्लू नाव. बघणारा प्रत्येक माणूस विचारतो केवढ्याला पडलं, खातं काय आणि आजारी कशाने पडतं हे एकजण विचारत नाही.

खरं तर आपल्या गावाला हे कुत्रं जवळचं वाटायला पाहिजे कारण मूळचं ते विणकरांचं. १९व्या शतकात स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी इंग्लंडात यॉर्कशायरला गेले, त्यांच्यासोबत त्यांची छोटी टेरियर कुत्री गेली आणि तिथल्या कापड मिलमध्ये उंदीर मारायच्या कामाला लागली. हडर्सफील्ड गावचा बेन, जन्म १८६५, हा या जातीचा मूळपुरुष मानतात. त्यामुळे वजन जेमतेम तीन किलो असलं तरी स्वभाव अजून शिकाऱ्याचाच आहे, हट्टी, धीट, गल्लीतल्या चार कुत्र्यांवर एकटं धावून जाणार, आणि बेल वाजली की भुंकणार म्हणजे भुंकणारच. आमच्या शेजारच्या काकू म्हणतातच, काय ओ, सकाळपासनं भुंकालंय की हे! त्याला फिरवलं, खेळवलं, लहानपणापासून माणसात ठेवलं तर आवरतं, दिवसभर मांडीवर घेऊन बसलं की उलट जास्त बिघडतं. घरात अगदी लहान पोरं असतील तर मात्र दहादा विचार करा, हातातून पडलं तर पाय मोडतो.

आता आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो आणि काही लोक दुपारी त्याला गाडीवर पुढे बसवून फिरवतात, काय बोलायचं! कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री रस्ता गार झाल्यावर फिरवा. फार धापतंय, लाळ गळतेय, लटपटतंय असं दिसलं तर सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर घाला, पंखा लावा आणि सरळ डॉक्टरकडे. आणि गळ्यातला पट्टा बांधून ओढू नका, या जातीची श्वासनलिका नाजूक, दबली की बदकासारखा आवाज करत खोकतं. छातीवरून घ्यायचा हार्नेस मिळतो तो वापरा.

खाण्याचं तर विचारूच नका. आपला जिल्हा द्राक्षाचा, घरात द्राक्षं नाहीतर बेदाणे असतातच, पाहुणे लाडाने टाकतात. द्राक्ष आणि बेदाणा दोन्हीने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, एवढ्याशा जिवाला थोडंसुद्धा जड जातं. आपली शेंगा चटणी पण नको, त्यात लसूण असतो, कांदा लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट. चॉकलेटचं बहुतेकांना माहीत आहे.

दात हा दुसरा विषय. यांचे दुधाचे दात पुष्कळदा पडतच नाहीत, शेजारी पक्के उगवतात, मधे अन्न अडकून हिरड्यांचा आजार आणि वास. सहा-सात महिन्याचं झालं की तोंड तपासून घ्या, कुत्र्याची पेस्ट मिळते त्याने रोज घासा, माणसाची नको. गुडघ्याची वाटी सरकणं पण यांच्यात खूप, पळता पळता मधेच एक पाय उचलून उड्या मारायला लागलं की मस्ती समजू नका.

सगळ्यात राग येतो तो विकणाऱ्यांचा. टीकप, म्हणजे आणखीनच बारकं यॉर्की, म्हणून जास्त पैसे घेतात, अशी कुठली जातच मान्य नाही, बहुतेक वेळा ते अशक्त नाहीतर आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू असतं. अशा पिल्लाने काही तास खाल्लं नाही तरी साखर उतरते, थरथर कापतं, वेळेत लक्षात आलं नाही तर जातं. २०१७ च्या केंद्राच्या नियमात आठ आठवड्याच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, ब्रीडरला राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे महिन्याचं पिल्लू रेक्झिनच्या पिशवीत घालून हातात देतात, लसीचं कार्ड कोरं. नोंदणीचा कागद मागितला की म्हणतात, घ्यायचं तर घ्या. आम्हाला नाही दाखवत, तुमच्या एखाद्या वार्ताहराने मागून बघावा, आणि काय उत्तर मिळालं ते छापावं.

आपला वाचक,
अशोक चौक, सोलापूर