बेर्तची गोष्ट परत मिळाल्याबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

‘जिझेल’चे प्रयोग संपले, तरी आपले ऋण मनावरून उतरत नाही. २८ जून १८४१ रोजी पॅरिसमध्ये प्रथम रंगमंचावर आलेला हा बॅले आजच्या प्रेक्षकांपुढे कसा आणावा, यावर आपल्याआधी येऊन गेलेल्या जाणकारांकडे एकच औषध होते, ते म्हणजे कात्री. लग्नाआधी मेलेल्या आणि रात्री रानात पुरुषांना मरेपर्यंत नाचवणाऱ्या मुलींच्या भुतांची, म्हणजे विलींची, गोष्ट जिझेलची आई बेर्त पहिल्या अंकात केवळ हातांच्या खुणांनी सांगते. हा मूकाभिनय आज कुणाला कळणार, असे म्हणून त्यांनी तो काढायला लावला. मानधनाला मात्र त्यांनी कात्री लागू दिली नाही.

आपण वाद घातला नाहीत. दिव्यांचे काम पाहणारे आमचे सहकारी, ज्यांनी कधी बॅले पाहिला नव्हता, त्यांना आपण स्वतः खुर्ची ओढून दिलीत, “थोडा वेळ आहे का आपल्याला?” असे विचारलेत आणि पियानो थांबवून तो सगळा प्रसंग त्यांच्यासमोर केलात. डोक्यावर एकमेकांभोवती फिरणारे हात म्हणजे नृत्य, मुठी आवळून मनगटावर आडवे टेकवलेले मनगट म्हणजे मृत्यू, यातले काहीही आधी सांगितले नाहीत. काय कळले, असे विचारल्यावर ते म्हणाले, “कुणा पोरीला बजावताय तुम्ही. नाचू नको, मरशील.”

प्रेक्षकांच्या नावाने इतके बोलणाऱ्यांनी तोवर एकाही प्रेक्षकाला विचारले नव्हते. मला मात्र त्या उत्तराहून ती खुर्ची अधिक आठवते. विद्वत्ता पुष्कळांकडे असते. समोरच्याला आधी बसवून मग त्याचे मत घेण्याची रीत फार थोड्यांकडे असते.

आपण कर्मठही नाही. मूळ संगीतकार आदाँच्या संगीतात बुर्गम्युलर या दुसऱ्या संगीतकाराची भर घालून बसवलेले शेतकरी जोडीचे नृत्य आटोपशीर करायला आपणच सांगितलेत. पण बेर्तची गोष्ट राहिली, म्हणून दुसऱ्या अंकात विलींची राणी मिर्था जिझेलचा प्रियकर आल्ब्रेख्त याला नाचायला भाग पाडते तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे, हे प्रेक्षागृहाला ठाऊक होते.

कार्यक्रमपत्रिकेत नाव छापायला आपण नकार दिलात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिले.

आपला कृतज्ञ,
‘जिझेल’चा दिग्दर्शक