पंचाहत्तर लिंबं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. मी दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. सणाच्या संध्याकाळी तू ३० माणसं घरी बोलावतोयस, हे ऐकून तीही हातातलं काम टाकून बसली. किती लागेल, आधी काय करून ठेवता येईल, माणूस कुठे चुकतो, असं सगळं तू विचारलंयस. सांगतो. पण एक गोष्ट बोलायची राहून गेली आहे, ती आधी लिहितो, नाहीतर पुन्हा राहील.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे सगळे जमले होते. तुझी दारू सुटून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते आणि ते मला माहीत होतं. तरी मी टेबलभर बाटल्या मांडल्या, आणि न पिणाऱ्यांसाठी म्हणून कोपऱ्यात पाण्याचा एक जग ठेवला. मी स्वतः संध्याकाळभर कढईपाशी. सगळ्यांना गरमागरम तळूनच द्यायचं, हा माझा हट्ट. मधे एकदा दारातून डोकावलो, तर तू खिडकीपाशी पाण्याचा ग्लास धरून उभा होतास आणि येणारा-जाणारा तुला विचारत होता, "हे काय, नुसतं पाणी?" ते पाहूनही मी तळायला परत गेलो. पुढच्या खेपेला बाहेर आलो तेव्हा तू निघून गेला होतास. ती संध्याकाळ तुला किती जड गेली, हे तू कितीतरी महिन्यांनी सांगितलंस. माझ्या घरी येऊन तू एकटा पडलास, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर आमच्याकडे प्यायला एकच गोष्ट असते. मोठ्या भांड्यात, खोलीच्या मधोमध, पोराबाळांपासून आजी-आजोबांपर्यंत कुणालाही चालेल अशी. ज्याला दारू हवी तो आपल्या पेल्यात वरून घालतो, आणि बाटली त्या भांड्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत असते. पहिल्या वर्षीच फरक दिसला. सगळ्यांच्या हातात एकाच रंगाचं पेय, त्यामुळे कोण काय पितोय याची चौकशीच कुणी करेना. तुझ्या घरी बाटली ठेवायची की नाही, ते तू ठरव. नाही ठेवलीस तर कुणाला कारण देत बसू नकोस. तुझं घर आहे.

आता पेयाचं. लिंबू आणि आलं घे, त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. सहा लिटरच्या एका भांड्याला पाऊण लिटर लिंबाचा रस, पाऊण किलो साखर आणि साडेचार लिटर पाणी, हे माझं माप. यातलं निम्मं पाणी साधं आणि निम्मं सोड्याचं. चार तासांच्या संध्याकाळी आमच्याकडे माणशी तीन पेले जातात. पेला २०० मिलिलिटरचा धरला तर ३० जणांना १८ लिटर झाले, म्हणजे भांडं तीनदा भरायचं. रस सव्वादोन लिटर. मध्यम लिंबातून साधारण ३० मिलिलिटर रस निघतो, तेव्हा ७५ लिंबं धर. आकडा ऐकून दचकू नकोस, त्याचा बंदोबस्त पुढे सांगतो.

लिंबं पिळण्याआधी त्यांची साल वाया जाऊ देऊ नकोस, कारण लिंबाचा खरा सुवास सालीतल्या तेलात असतो, रसात नुसता आंबटपणा. आदल्या रात्री वीसेक लिंबं स्वच्छ धुऊन त्यांची वरची पिवळी साल तेवढी पातळ सोलून काढ. खालचा पांढरा भाग आला तर पेय कडवट होतं. ही साल थोड्या साखरेत चुरडून झाकून ठेव. साखर तेल ओढून घेते आणि सकाळी भांड्यात ओलसर, घमघमणारा लगदा दिसतो. उरलेली साखर, ठेचलेलं आलं आणि त्या साध्या पाण्यातलं दोनेक लिटर पाणी घालून तो उकळ, गाळ आणि गार कर. गार पेयात गोडी जिभेला कमी कळते, म्हणून हा पाक कोमट असताना चाखून 'फार गोड झालं' असं म्हणून पाणी ओतत सुटू नकोस. माझी एक अख्खी खेप तशी फिकी झाली होती. थोडं पेल्यात काढून त्यात बर्फ टाक, मग चाख. रस मात्र त्याच दिवशी दुपारी काढायचा, आदल्या दिवशी काढलेल्या रसाचा ताजेपणा जातो.

बर्फाबद्दल मी फार काटेकोर आहे. खडे टाकले की अर्ध्या तासात पेयाचं पाणी होतं. त्याऐवजी मोठ्या डब्यात एकच ढेप गोठव. दहा सेंटिमीटर बाजूची ढेप ६०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून वितळते; तेवढ्याच बर्फाचे अडीच सेंटिमीटरचे खडे केले तर ते ६४ होतात आणि त्यांचा मिळून पृष्ठभाग २४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौपट. म्हणून ढेप सावकाश विरघळते आणि पेय शेवटपर्यंत पेयच राहतं. डब्यात लिंबाच्या चकत्या घालून गोठवलीस तर दिसतेही सुंदर. एक पूर्ण दिवस आणि रात्र लागेल, आणि भांडं तीनदा भरायचं म्हणजे ढेपाही तीन. सोडा फ्रिजमध्येच ठेव आणि पाहुणे दारात आल्यावर, भांड्याच्या कडेने हळू ओत. शून्य अंशाच्या पाण्यात २० अंशाच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वायू मावतो, म्हणून गार सोड्याचे बुडबुडे टिकतात.

भांड्यात ओगराळं हवं, नळ लावलेली टाकी नको. नळापाशी माणूस एकटा जातो, पेला भरतो आणि परततो. ओगराळं ज्याच्या हातात येतं तो स्वतःचा पेला भरून थांबत नाही, शेजारच्याचाही भरतो. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं तिथेच बोलायला लागतात. गेल्या वर्षी बायकोची मैत्रीण आणि माझे वयस्क शेजारी त्या भांड्यापाशी तासभर उभे होते. ओगराळं टेकवायला बशी ठेव आणि ते कुणी तोंडाला लावणार नाही एवढं मुलांना आधी सांग.

अशा सामाईक पेयाला इंग्रजीत पंच म्हणतात. हा शब्द आपल्याकडच्या 'पाच'वरून गेला असं बरेच जण मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस. त्याची एक जुनी नोंद १६३२ सालची आहे आणि ती सापडते एका पत्रात. हिंदुस्थानात असलेल्या एका इंग्रजाने ईस्ट इंडिया कंपनीच्या एका व्यापाऱ्याला ते लिहिलं होतं. तुला हे लिहिताना ते पत्र सारखं आठवत होतं. आपल्या भांड्यात पाचातले चारच जिन्नस, आणि मला ते पुरेसे वाटतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. पाहुणे आल्यावर गॅसपाशी उभं राहावं लागेल असं काहीही करू नकोस. रस्सा आदल्या दिवशी करून ठेवलेला अधिक मुरतो, भाज्या ओव्हनमध्ये भाजून ठेवता येतात, केक दोन दिवस आधी होतो. कृती पाचपट करताना पाणी पाचपट घालू नकोस. वाफ वरच्या पृष्ठभागातून जाते आणि मोठ्या पातेल्यात ती त्या मानाने कमी जाते, म्हणून रस्सा पातळ राहतो. मीठ-तिखट आधी कमी टाक, शेवटी चाखून वाढव. ३० जणांचा भात एका पातेल्यात लावलास तर खालचा गिचका होईल, दोन-तीनदा लाव.

एका बाबतीत मात्र भीड ठेवू नकोस. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर राहता कामा नये. पाच ते साठ अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, आणि भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू तर उकळूनही मरत नाहीत. म्हणून सगळं एकदम मांडू नकोस, लहान भांड्यांत थोडं थोडं आण. उरलेला भात परातीत पसरून लवकर गार कर आणि फ्रिजमध्ये टाक.

पाहुण्यांनी "काय आणू?" विचारलं तर "काही नको" म्हणू नकोस. मी वर्षानुवर्षं तसंच म्हणत आलो आणि ते चुकीचं होतं, असं आता वाटतं. घरी केलेला पदार्थ घेऊन आलेला माणूस त्या घरात पाहुण्यासारखा अवघडून बसत नाही. फक्त कुणी काय आणायचं ते वाटून दे, नाहीतर सहा जण गोडच आणतील. आणि प्रत्येकाला विचार, यात दाणे, दूध, अंडं आहे का, वाइन घातली आहे का. शिजवलं की दारू उडून जाते असं लोक ठामपणे सांगतात, पण अर्धा तास शिजवल्यावरही तिचा सुमारे तिसरा हिस्सा उरतो. तुझ्याच घरी तुला प्रत्येक वाटीपाशी थबकावं लागू नये. पदार्थाशेजारी चिठ्ठी ठेवायला सांग, म्हणजे ज्यांना आणखी काही चालत नाही त्यांचीही सोय होईल.

तुला हे जमेल का, अशी शंका पत्राच्या शेवटी तू लिहिली आहेस. पेय झेपलं, जेवण झेपलं, तरी लोक कंटाळले तर? पहिला अर्धा तास सगळीकडेच अवघड जातो. त्या वेळी तू दारापाशी राहा, येईल त्याला थेट भांड्याकडे ने, आणि पहिला पेला तुझ्या हाताने भर. त्यानंतर स्वयंपाकघराचं दार लोटून घे आणि माणसांत बसून राहा. रिकामी ताटं आम्ही उचलू.

आम्ही दोघं दुपारी दोनला पोचतो. तुझ्याकडे सहा लिटरचं भांडं नसेल तर कळव, आमचं आणतो. ओगराळं आणतोच आहे. लिंबं तू आणून धुऊन ठेव आणि वीसेकांची साल आदल्या रात्री काढ. पिळायला हात लावू नकोस. मागच्या वेळी तुझ्याशी बोललो नाही ते सगळं बोलायचंय, आणि ७५ लिंबं पिळायला दोन माणसांना बराच वेळ लागतो.

तुझा,
जुना मित्र