रविवारचं प्रशिक्षण: घरी अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची काळजी

सर्व ताई, मावशी आणि दादांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी १, कोथरूडच्या आपल्या नेहमीच्या हॉलवर पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या काळजीचं, प्रशिक्षण आहे. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या प्रत्येकाने यायचंच आहे. त्या वेळी ड्युटी असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, बदली माणूस देऊ. रुग्णाला एकटं ठेवून मात्र कुणीही येऊ नये.

काय शिकायचं:

• साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं. दोघांनी चादर धरून उचलायचं, ओढायचं नाही. ओढलं की माकडहाडावरची कातडी सोलते. लाल झालेली जागा चोळू नका, जखम वाढते. बऱ्याच घरांत अजून तेल लावून चोळतात, म्हणून हे प्रत्यक्ष करून दाखवणार आहोत.

• बोलता न येणाऱ्याचं दुखणं ओळखणं: कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, हात लावू न देणं. वेळेसह वहीत लिहायचं.

• मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचं औषध) सुरू असेल तर बद्धकोष्ठता बहुतेकांना होते. शौचाची नोंद रोज ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस कमी-जास्त करायचा नाही. "सवय लागेल" म्हणून घरचे गोळी चुकवायला सांगतात, तेव्हा त्यांच्याशी कसं बोलायचं, यावर सविस्तर चर्चा होईल.

• भरवणं, तोंडाची स्वच्छता.

ज्यांचे रुग्ण नुकतेच गेले, त्यांनी शेवटी अर्धा तास थांबावं. इतकी सेवा केल्यावर ते जाणं आपल्यालाही लागतं. त्याबद्दल मोकळेपणी बोलू.

नोंदवही आणा. रुग्णांची नावं किंवा फोटो ग्रुपवर टाकू नका.