टोपीवरचा एस

सिएटल, १ मार्च २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे आई-वडील पुण्याला परत चाललेत, त्यांच्या बॅगेत थोडी जागा निघाली. बदाम, बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्या आणि एक निळी टोपी पाठवते आहे. नुसती टोपी काय पाठवायची, म्हणून हे चार शब्द. बाबांना मोबाइलवरचं बारीक वाचायला लागू नये म्हणून अक्षर मोठं काढलंय, दादाने हसू नये.

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं. जेवते. वेळेवर जेवते. थंडी आता सरत आली. नोकरी आहे. जानेवारीत आमच्याकडे पुन्हा माणसं कमी केली, त्यात माझं नाव नव्हतं. तेव्हा बोलले नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आणि तू फोनवर "खरं सांग" असं तीन-तीनदा विचारलंस की माझं मलाच खोटं वाटायला लागतं गं.

टोपीवरचा 'एस' सिएटलचा आहे. बाबा, तुम्ही तो सांगलीचा समजून घाला. मरिनर्स ही इथली बेसबॉलची टीम, २६ मार्चला त्यांचा सीझन सुरू होतोय. पाडव्यानंतर बरोब्बर आठवड्याने. सांगलीच्या मुलीने क्रिकेट सोडून ही कसली विटीदांडू धरली, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. क्रिकेट सोडलेलं नाही. पण ऐका तरी.

ही टीम १९७७ पासून खेळते आणि वर्ल्ड सिरीजला, म्हणजे त्यांच्या फायनलला, आजवर एकदाही पोचलेली नाही. तीस संघांत अशी ही एकच. २००१ साली १६२ पैकी ११६ सामने जिंकले आणि तरी फायनलच्या अलीकडेच गारद. तुम्ही दक्षिण आफ्रिकेबद्दल जे बोलायचात ना, तेच. पण गेल्या जूनमध्ये आफ्रिकेने लॉर्ड्सवर गदा उचलली. त्याच महिन्यात बंगळुरूला अठराव्या खेपेला आयपीएल मिळालं. नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या स्मृतीच्या टीमने वर्ल्ड कप घेतला, तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. रांगेत ताटकळलेल्या सगळ्यांचे नंबर लागले. राहिलं कोण? आम्हीच.

आता एक गोष्ट सांगायची आहे, पण आजीला वाचून दाखवताना हा भाग गाळा. टीम मागे पडली की इथले लोक पायातला बूट काढून डोक्यावर ठेवतात. चेष्टा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये टोरांटोविरुद्ध ८-१ असे मागे होतो, कुणीतरी डोक्यावर बूट ठेवला, बघून बाकीच्यांनी ठेवला, आणि मॅच १०-९ अशी जिंकली. झालं, तेव्हापासून तो उपाय ठरला. म्हणजे बघा, डावा-उजवा काही नियम नाही, तळवा खाली, टोक पुढे, हाताने धरायचं नाही, तोल सांभाळायचा. म्हातारी माणसंसुद्धा ठेवतात. पुढच्याच आठवड्यात ह्यूस्टनविरुद्ध हजारोंनी ठेवले आणि १८ डाव ताटकळून १-० ने हरले, तरी श्रद्धा ढळलेली नाही. पहिल्यांदा मला ते बघवेना. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायला लावणारी तू, आणि इथे लोक डोक्यावर पायताण घेऊन देवाची प्रार्थना करतायत! मग मनाची समजूत घातली, भरताने रामाच्या पादुका डोक्यावर घेतल्याच होत्या की. (त्या रामाच्या होत्या, हे मला कळतं.)

मीही ठेवला. एकदाच. गेल्या वर्षी १० ऑक्टोबरच्या रात्री डेट्रॉईटविरुद्ध निर्णायक मॅच होती, नऊ डावांत संपायची ती पंधराव्या डावापर्यंत गेली. रात्री दहा वाजून गेल्यावर पोलांको म्हणून एक आहे, त्याने विजयी फटका मारला, ३-२. शेजारची अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडत होती.

तुमच्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ होती. बाबा, मिरजेला तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दादाने पावणेदहाला फोन केला, पुन्हा दहाला केला. मी नंतर सांगितलं की मीटिंगमध्ये होते. मीटिंग नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, काळजी करू नकोस असं तुम्हीच म्हणाला होतात, आणि फोन पर्समध्ये राहिला, आवाजात ऐकू आला नाही. लक्ष्मीपूजनाला माझा आवाज बसला होता ती सर्दीही नव्हती. आदल्या रात्री टोरांटोला सातवी मॅच होती, ३-१ असे पुढे होतो, जिंकलो असतो तर वर्ल्ड सिरीज. स्प्रिंगर नावाच्या माणसाने सातव्या डावात एका फटक्यात तीन धावा काढल्या आणि ४-३ ने संपलं. टीव्हीसमोर किती ओरडले, मलाच माहीत. तू फोनवर हळद-दूध घे म्हणालीस. घेतलं, खरंच घेतलं.

तर यंदाचं. माझं मत विचाराल तर आपल्या गटात पहिला नंबर यावा. कॅल रॉली आमचा कॅचर, म्हणजे विकेटकीपरच समजा. त्याने गेल्या वर्षी ६० होमरन मारले, म्हणजे आपले षटकार. त्याआधी कुठल्याच कॅचरने एका सीझनमध्ये ४८ च्या वर मारले नव्हते. (त्याचं टोपणनाव मोठ्यांच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही.) यंदा साठ होतील असं मी धरत नाही, पंचेचाळीस झाले तरी गंगेत घोडं न्हालं. खरी मदार पिचरांवर, म्हणजे बॉलरांवर. गिल्बर्ट, कर्बी, मिलर, वू, गेल्या वर्षी चौघेही कधी ना कधी दुखापतीने बसले. चौघेही धडधाकट राहिले तर समोरच्यांचं अवघड आहे. नेलर नावाच्या आडव्या बांध्याच्या गड्याला पाच वर्षांसाठी सव्वानऊ कोटी डॉलर देऊन ठेवून घेतलंय. पळायला मंद, पण नजर अशी की इथे आल्यावर ५४ सामन्यांत १९ बेस चोरले, म्हणजे समोरच्यांचं लक्ष चुकवून पळत पुढचा टप्पा गाठला, आणि एकदाही सापडला नाही. दादाच्या शाळेतल्या कबड्डीत एक असाच होता बघा.

वाईट एवढंच की पोलांको न्यूयॉर्कला गेला. त्याला तिकडे जास्त मिळालं, दोष कुणाला देणार? माणसं जातात जिथे मिळतं तिथे.

स्टेडियमला सरकतं छप्पर आहे. छत्रीसारखं, बाजूंनी उघडं. त्यामुळे भिजत नाही, आई. तिकिटांवरही फार खर्च केलेला नाही. चौघांत मिळून वीस सामन्यांची घेतलीत, माझ्या वाट्याला पाचच येतात.

पैशांचं म्हणाल तर दादाच्या फ्लॅटचा हप्ता नेहमीप्रमाणे पाच तारखेला येईल, आणि आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा जेवणाचा खर्च माझा, तो वेगळा पाठवते. आचारी चांगला बघा. मी मे महिन्यात येऊ शकणार नाही. व्हिसाच्या मुलाखतींच्या तारखा पुढे गेल्यात, पेपरात वाचलंच असेल; आले आणि अडकले तर नोकरी जाईल. दिवाळीला नक्की. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तोवर वर्ल्ड सिरीज संपलेली असते. त्यासाठी नव्हे, उगाच हिशोब केला. आजीला मीच फोन करून सांगेन, तुम्ही आधी सांगू नका.

कोल्हापूरच्या त्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला आहे, पत्रिकाही जुळते, सगळं मान्य. तिकिटं चौघांत घेतली म्हटलं ना, त्यातला एक बेळगावचा आहे. घरी कन्नड बोलतात, मराठी येतं, माझ्यापेक्षा शुद्ध. बाकीचं फोनवर. आई, लगेच आत्याला फोन लावू नकोस.

तुमची
ताई

ता.क. बाबा, टोपीला मागे पट्टी आहे, ती सैल करता येते. सकाळी आमराईत फिरायला जाताना घाला, डॉक्टरांनी डोळ्यांवर ऊन घेऊ नका म्हणून सांगितलंय.