मोटार रॅलीचा मार्शल गावातलाच हवा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या बेळगाव सीमाभागातील तरुणांत मोटार रॅलीची हौस अलीकडे चांगलीच वाढली आहे. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतून होणारी राष्ट्रीय स्पर्धेची रॅली बघायला इथली मुले आवर्जून जातात, आणि परत आली की खानापूर-चंदगड पट्ट्यातील तांबड्या मातीचे रस्ते किंवा निपाणी-चिकोडीकडचे माळ दाखवून अशी स्पर्धा आपल्याकडे का होऊ नये, असे विचारतात. ती व्हावी, असे मलाही मनापासून वाटते. दक्षिणेतील काही रॅलींमध्ये मी स्वयंसेवक मार्शल म्हणून, म्हणजे रस्ता मोकळा राखायला आणि गर्दी आवरायला, उभा राहिलो आहे आणि त्या अनुभवावरून माझे एकच सांगणे आहे. रॅली ज्या गावांच्या हद्दीतून जाणार असेल, त्याच गावांतील मराठी व कानडी बोलणारी माणसे निवडून, त्यांना आधी नीट शिकवून, मार्शल म्हणून उभी केली पाहिजेत. आदल्या रात्री गोळा केलेल्या पोरांच्या अंगावर जॅकेट चढवून आणि हातात शिट्टी देऊन हे काम निभत नाही.

ज्यांनी रॅली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. रहदारीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर, ज्याला स्टेज म्हणतात, एकेक गाडी मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सोडली जाते आणि तिला लागलेला वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजला जातो. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला को-ड्रायव्हर पुढचे प्रत्येक वळण आधी लिहून ठेवलेल्या टिपणांवरून वाचून सांगत असतो, आणि त्या भरवशावर गाडी कच्च्या रस्त्यावरही ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पळते. पुढच्या वळणामागे रस्ता मोकळाच आहे, असे धरून ड्रायव्हर गाडी घालतो. हा विश्वास त्याला मार्शलने दिलेला असतो.

मार्शलचा दिवस म्हणूनच पहिली गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पहाटे जागेवर पोहोचायचे, आपल्या वाट्याच्या रस्त्याला मिळणारी प्रत्येक पायवाट आणि बांधावरची गाडीवाट पायी फिरून बघायची, तिथे फीत बांधायची. मग रस्ता बंद होतो आणि स्पर्धेच्या आधी आयोजकांच्या तपासणीच्या गाड्या जातात. त्यातली शेवटची, म्हणजे झिरो कार, गेली की त्यानंतर रस्त्यावर कोणीही पाऊल टाकायचे नाही. गाडीचा आवाज आला की लांब शिट्टी द्यायची. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ना स्वतः उभे राहायचे, ना कोणाला राहू द्यायचे, कारण घसरलेली गाडी तिकडेच जाते. उभे राहायचे ते रस्त्यापेक्षा उंचावर आणि मागे सरकायला वाट ठेवून. एखादी गाडी उलटली, तर को-ड्रायव्हरने मागच्यांना दिसेल असा लाल त्रिकोण ठेवून ‘ओके’ किंवा ‘एसओएस’ यांपैकी कोणता फलक धरला आहे, ते बघून लगेच रेडिओवर कळवायचे. लाल झेंडा आपल्या मनाने दाखवायचा नाही. तो नियंत्रण कक्षाच्या आदेशावरूनच दाखवायचा असतो. हे सगळे अवघड नाही, पण शिकल्यावाचून येतही नाही. बहुतेक ठिकाणी याचा मोबदला म्हणजे दोन वेळचे जेवण, एक टी-शर्ट आणि फार तर प्रवासखर्च.

आता आपल्या भागाची एक गोष्ट बाहेरून येणाऱ्या आयोजकांच्या ध्यानात येणार नाही. आपल्या लोकांना शर्यत नवी नाही. रिकामा गाडा पळवण्याच्या शर्यती इथे गावोगावच्या यात्रांत होत आल्या आहेत आणि त्या कशा बघायच्या, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले आहे. बैलजोडी समोरून गेली की दोन्ही बाजूंची माणसे शर्यतीच्या वाटेवर उतरतात, जोडी कुठवर गेली ते बघतात, आरोळ्या देतात आणि पुढची जोडी जुंपली जाईपर्यंत तिथेच रेंगाळतात. तिथे ते चालून जाते. रॅलीत हीच सवय जिवावर बेतू शकते, कारण गेलेल्या गाडीची धूळ खाली बसण्याआधी पुढची गाडी वळणावर येऊन ठेपलेली असते. ही सवय ओळखणारा आणि चार वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारून मागे घेऊ शकणारा माणूस त्या गावचाच असावा लागतो. परगावच्या मुलाने हात दाखवला तर लोक दोन पावले मागे जातात आणि तो वळला की तीन पावले पुढे येतात. हे मी पाहिलेले आहे.

असे अपघात घडलेले आहेत. 1986 मध्ये पोर्तुगालच्या जागतिक रॅलीत सिंत्राजवळ रस्त्याला खेटून उभ्या असलेल्या गर्दीत गाडी घुसली आणि तिघे ठार, तर तीसहून अधिक लोक जखमी झाले. 2019 च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात, आपल्याच राष्ट्रीय मालिकेतील रॅलीत, स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातील तिघांचा जीव गेला. 21 एप्रिल 2024 रोजी श्रीलंकेत दियतलावा येथील शर्यतीत गाडी प्रेक्षकांत शिरून सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत आठ वर्षांची मुलगी होती आणि शर्यतीच्या कामावर असलेली माणसेही होती. राजस्थानची घटना मला सर्वांत जवळची वाटते. तिथे रस्त्यावर आलेले लोक शर्यत बघायला आलेले नव्हते, आपल्या वाटेने निघालेले होते. गावातला रस्ता गावाचाच असतो आणि त्यावरून जायला कोणी परवानगी मागत नाही. तो आज बंद का आहे, किती वाजेपर्यंत बंद आहे आणि दुसरी वाट कोणती, हे प्रत्येक घरापर्यंत पोहोचलेले नसेल, तर नुसत्या फितीने काय होणार?

चिकमगळूरकडच्या एका स्टेजवर आमच्या जागेजवळ एक वयस्क बाई दुधाची किटली घेऊन आली. पलीकडे डेअरीची गाडी यायची होती आणि उशीर झाला तर दूध परत आणावे लागणार होते. माझ्याबरोबरचा शहरातला मार्शल तिला इंग्रजी-हिंदीत थांबवत होता. ती फीत वर करून खालून निघालीच होती. तेवढ्यात मळ्यात काम करणारा आमच्यातलाच एक तरुण पुढे झाला. त्याने कानडीत तिची विचारपूस केली, पहिली फेरी किती वाजता संपते ते सांगितले, डेअरीच्या माणसाला फोन लावून दिला आणि किटली स्वतः सावलीत नेऊन ठेवली. बाई तिथेच बसून राहिली. आपल्याकडे खानापूरच्या पश्चिमेला हे काम मराठीत करावे लागेल, कित्तूर-बैलहोंगलच्या दिशेला कानडीत, आणि मधल्या गावांत एकाच पारावर दोन्ही भाषांत. यात कोणी भाषेचा वाद आणू नये, हा जिवाचा प्रश्न आहे. फलक आणि पत्रके केवळ इंग्रजीत छापून आयोजकांनी आपली जबाबदारी संपली असे समजू नये, एवढेच म्हणणे आहे.

याउलट अनुभवही सांगायला हवा. एका स्पर्धेत (नाव घेत नाही) महाविद्यालयातील मुलांना सकाळी टेम्पोतून आणून रस्त्यावर एकेकटे सोडले होते. रेडिओ नव्हता आणि त्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नव्हती. दुपारी स्टेज रद्द झाली, बाकीचे परतले, आणि दोन मुले अंधार पडेपर्यंत पाण्यावाचून आपल्या जागेवर उभी राहिली, कारण रस्ता उघडल्याचे त्यांना कोणी कळवलेच नव्हते. त्या मुलांनी कर्तव्य चोख बजावले. ज्यांनी त्यांना उभे केले त्यांनी बजावले नाही. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला रेंजची काय अवस्था असते, ते आपण सगळे जाणतोच. तिथे स्टेज घ्यायची असेल तर दर टप्प्यावर वायरलेस हवा, आणि हॅम रेडिओचा परवाना असलेल्या हौशी लोकांची मदत आधीच मागितली पाहिजे.

माणसे मिळणार नाहीत, ही सबब आपल्या जिल्ह्यात तरी चालू नये. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे, त्याच्या आसपासच्या खेड्यांत माजी सैनिकांची वाण नाही. रेडिओवर मोजके आणि स्पष्ट कसे बोलावे व दिलेली जागा कशी धरून ठेवावी, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. त्यांच्या हाताखाली एनएसएस आणि एनसीसीची अठरा वर्षांवरील मुले-मुली द्यावीत. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण टाइम कार्डावर वेळ नोंदवण्याचे बिनचूक काम करताना मी त्यांना अनेकदा पाहिले आहे. प्रत्येकाला प्रत्यक्ष स्टेजच्या रस्त्यावर नेऊन एक दिवस तरी सराव द्यावा, जागेवर किमान दोघे ठेवावेत, आणि स्वयंसेवकांचा विमा उतरवल्याचा कागद आयोजकांनी आधी दाखवावा. तो दाखवला जात नसेल, तर पालकांनी मुलांना पाठवू नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

परवानग्यांबाबत थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. तेव्हा गावातल्या हौशी मंडळींनी परस्पर असे काही करू नये. भीमगड अभयारण्य आणि त्याला लागलेले जंगल यांचा विचारही कोणी मनात आणू नये. आपल्याकडे माळरानाची कमतरता नाही.

संमती मिळाली की आयोजकांनी प्रथम ग्रामपंचायत, दूध डेअरी, शाळा आणि बस आगार यांच्याबरोबर बसून वेळापत्रक ठरवावे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज ज्या वेळेत येते, त्या वेळेत शेतकऱ्याला मोटार चालू करायला जावेच लागते. ती वेळ टाळून फेऱ्या लावता येतात, हेही त्या बैठकीतच कळेल. आपल्या दैनिकास विनंती अशी की, आपल्या भागात रॅली ठरेल तेव्हा कोणता रस्ता किती ते किती बंद राहील, पर्यायी वाट कोणती आणि अडचण आल्यास गावातील कोणत्या मार्शलला गाठायचे, हे आठ दिवस आधीपासून रोज छापावे. हेस्कॉमच्या वीजपुरवठा बंदच्या सूचना ज्या पानावर येतात, तिथेच ते द्यावे. ते पान खेड्यापाड्यांत आधी वाचले जाते.

आपला विश्वासू,
एक स्वयंसेवक मार्शल, खानापूर